न झाडलेली गोळी

बाबा, तुम्ही गेल्यानंतर इतक्या वर्षांत तुमच्याशी भांडावंसं कधी वाटलं नाही. गेलं वर्षभर मात्र मनातल्या मनात रोज भांडते, आणि आता दमले आहे. भांडुपचं माझं औषधांचं दुकान तुम्ही पाहिलं नाहीत. गेल्या वर्षी तिथे भर दुपारी दोघं आले, चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या मागायला लागले. मी नाही म्हटलं. एकाने चॉपर काढला, मी हात आडवा घातला, आणि मनगटापासून कोपरापर्यंत चीर गेली. ते खोकी उचलून चालत गेले, पळालेसुद्धा नाहीत. तेव्हापासून दुकानासमोर बाईक थांबली की माझा हात आपसूक काउंटरखाली जातो. तिथे काहीच नसतं. नवरा म्हणाला, "पिस्तुलाचा परवाना काढ. तुझ्या बाबांकडे होती ना बंदूक?"

होती. गावाला वानर-डुकरांपासून शेत राखायला आजोबांनी घेतलेली दुनाळी तुमच्या नावावर झाली, आणि तुमची मिल बंद पडल्यावर त्या बंदुकीच्याच जोरावर तुम्हाला घाटकोपरला सोन्याच्या पेढीवर गनमॅनची नोकरी लागली. रविवारी सकाळी तुम्ही स्वयंपाकघरात पेपर पसरून बसता, सळईला चिंधी गुंडाळून नळ्या पुसता, आईच्या शिलाई मशीनचं तेल घालता. आई करवादत भाकरीची परात लांब सरकवते. एकदा मी ती रिकामी बंदूक उचलून गंमत म्हणून भावावर रोखली. कधी हात न उगारणारे तुम्ही, पण माझ्या पाठीत धपाटा घातलात. "रिकामी आसली तरी नळी माणसाकडे करूची नाय," एवढंच म्हणालात आणि पुन्हा पुसायला लागलात.

मी बारावीला होते तेव्हा पेढीवर दरोडा पडला. दोघंच होते, एकाकडे गावठी कट्टा. तुम्ही दारातल्या स्टुलावरून उठून बंदूक खांद्याला लावलीत आणि खाली घेतलीत. ते दागिन्यांचे ट्रे पिशवीत ओतून तुमच्या अंगावरून निघून गेले. मालकाने सगळ्यांदेखत विचारलं, "बंदूक क्या दिखाने के लिए रखी थी?" दुसऱ्या दिवसापासून तुम्ही घरी. चाळीत तुमचं नाव फुसका बार पडलं. त्या आठवड्यात तुम्ही जेवायला बसलेले असताना मीही बोलले, "एक गोळी हवेत तरी मारायची होती ना, बाबा." तुम्ही घास तसाच हातात धरून म्हणालात, "हवेत खंय? वर माळ्यावर चार कारागीर बसलेले. आणि समोर एक बाई गिऱ्हाईक, पोर कडेवर घेऊन. छर्रे पसरतत गो." मी ऐकलं, पण पटलं नाही. माझ्या मैत्रिणीचा भाऊ मला जिन्यात अडवून तुमची नक्कल करून दाखवायचा, आणि त्याच्यापेक्षा मला तुमचाच राग यायचा.

मग तीन-चार महिन्यांनी त्याच दोघांनी दुसऱ्या एका पेढीवरच्या सेल्समनला गोळी घातली. तो जागीच गेला. पेपरातली ती बातमी तुम्ही किती वेळ वाचत होता. नंतर पेपराची बारीक घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलीत. पुढच्याच आठवड्यात बंदूक पोलिसांत जमा करून आलात आणि मुलुंडच्या एका सोसायटीत काठी घेऊन वॉचमन म्हणून उभे राहिलात, शेवटच्या आजारपणापर्यंत. त्या सेल्समनचं काय, हे मला तुम्हाला विचारायचं होतं. तुम्ही त्या दिवशी चाप ओढला असतात तर तो जगला असता का? तुम्हीही स्वतःला हेच विचारत असणार, म्हणून मी विचारलं नाही.

परवान्याच्या अर्जासाठी मला पोलीस स्टेशनात बोलावलं. समोर एक बाई अधिकारी, माझ्याहून लहान, डोळ्यांत जागरण दिसणारी. तिने माझी जुनी तक्रार वाचलेली होती. म्हणाली, "त्या दिवशी पिस्तूल असतं तर काय केलं असतं, मॅडम?"

"मारली असती," मी म्हटलं. खरंच मारली असती, बाबा.

तिने कागदावर बोट ठेवलं. "इथे लिहिलंय, एक आजी बीपीच्या गोळ्या घ्यायला आल्या होत्या. त्या कुठे उभ्या होत्या?"

आजी त्या चॉपरवाल्याच्या मागेच होत्या, पिशवी छातीशी धरून. ती म्हणाली, "मी अडवत नाहीये. तुमची भीती खरी आहे. विचारावं लागतं, म्हणून विचारलं." मी तिथेच अर्ज मागे घेते असं लिहून दिलं आणि बाहेर येऊन रिक्षात बसले.

म्हणून काही तुम्ही बरोबर होतात असं मी म्हणणार नाही. माझ्या दुकानात आलेले ते दोघं अजून सापडलेले नाहीत. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी शटर अर्धं खाली ओढून बसते, आणि अशाच एका दुपारी हे लिहितेय. कुठल्या पत्त्यावर टाकायचं ते माहीत नाही, तेव्हा इथेच ड्रॉवरमध्ये राहील. एक मात्र कुणाला तरी सांगायला हवं. अर्ज मी मागे घेतला हे घरी कुणाला ठाऊक नाही. नवऱ्याला मी सांगितलंय की पोलिसांनीच नाकारला, आणि तो अजून येताजाता त्या अधिकारी बाईला शिव्या देतो. मी देऊ देते.