ह्यांच्या लिव्हरवरची चरबी

१५ जानेवारी २००९

ह्यांचा रिपोर्ट आला. लिव्हरवर चरबी. सदरा अंगावर खुंटीला अडकवल्यासारखा लोंबतो, आणि चरबी कुठे, तर आत! डॉक्टर म्हणाले, बारीक माणसांनाही होते, दारूशिवायही होते. डॉक्टर भला माणूस, पुरुषाची बाजू राखणारच. माझा भाऊ कृष्णनाथ लिव्हरनेच गेला — सोरो पिऊन. त्याच्या बाराव्याला ह्यांनी माझा हात धरून सांगितलं होतं, थेंब शिवणार नाही.

१७ जानेवारी

डॉक्टरांनी सांगितलं ते करते आहे. वजन उतरवायचं नाही — उतरवायला आहे काय? पण चहात साखर नाही, पोदेराचे पाव बंद, भात थोडा, भाजी जास्त, मासे तळायचे नाहीत. संध्याकाळी झपझप चालायचं. दारू तर नाहीच. हे बोलताना डॉक्टरांनी ह्यांच्याकडे बघितलं. मी पाहिलं ना.

बिनसाखरेचा चहा ह्यांनी तोंड कडू करून प्यायला. जीव तुटला. त्यांच्या वाटणीचे पाव मीच चहात बुडवून खाल्ले. टाकायचे कसे?

२ फेब्रुवारी

चालून आले, चेहरा लालबुंद. मी जवळ गेले तर म्हणतात, "वास कित्याक घेतंस गो?"

घामाचाच होता. पण शेजारची शेवंती म्हणते, वर बडीशेप खाल्ली की कळत नाही. सदऱ्याच्या खिशात बडीशेप सापडली.

९ फेब्रुवारी

देवळात कौल लावला. पीत असतील तर उजवी कळी पाड, नसतील तर डावी. डावी पडली. "झालं समाधान?" शेवंती म्हणाली.

देवावर माझा विश्वास आहे. पण कळ्या चिकटवणारा पांडुरंग गुरव ह्यांचा लहानपणापासूनचा दोस्त.

२१ फेब्रुवारी

आज मागोमाग गेले. वळणावरच्या बारमधून थोडं बसायला हाक आली, "गुरुदास, बस मरे इल्लो!" ह्यांनी नुसता हात हलवला, पुढे गेले. माझी दमछाक. परत येताना मला गाठून म्हणाले, "फाल्यां वांगडाच चल. मागसून धापा टाकतंस."

उद्या सोबतच चल म्हणे! म्हणजे मी दिसले होते. मग बारमध्ये कसे शिरतील?

२८ फेब्रुवारी

वांगडा गेले नाही. गुडघ्याचं निमित्त सांगितलं.

२० एप्रिल

नवा रिपोर्ट. चरबी कमी झाली. डॉक्टर खूश, हे खूश, शेवंतीने नारळ फोडला.

कमी झाली म्हणजे सोडली. सोडली म्हणजे होती.

६ मे

पोटात कळ येत होती म्हणून म्हापशाला सोनोग्राफी केली. कळ साधीच निघाली. पण लिव्हरवर चरबी आहे. माझ्या.

नवी डॉक्टरीण रिपोर्ट बघत हळूच म्हणाली, "आजी, घेता काय कधी थोडी?"

मी तोंड उघडायच्या आधी हे म्हणाले, "ती घेत नाही."

माझ्याकडे वळून बघितलंसुद्धा नाही.