मग कशात बोलू?

॥ श्री ॥

दि. ११ जून, रविवार

ती. वन्संना नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही ते लगेच फोडलं नसेल, हे मी धरूनच चालले आहे. दोन दिवस फ्रिजवर पडून राहिलं असेल तरी हरकत नाही. इकडे सगळे बरे. तुमच्या बंधूंचा गुडघा ऑपरेशननंतर छान चालतो. काठी आता फक्त मला धाक दाखवायला वापरतात. माझं देवापुढचं बसणं चुकत नाही.

दर महिन्याला तुमचा फोन येतो तेव्हा मी पलीकडच्याच खुर्चीत असते. स्पीकर चालू असतो. तुमचं "हवा कशी आहे?" झालं, ह्यांचं "बरी आहे" झालं, की फोन आटोपतो. मीही कधी "द्या इकडे" म्हटलं नाही. असो.

पत्राला कारण आपली भिंगरी. ती आता मोठ्या रुग्णालयात डॉक्टर आहे, गळ्यात नळी अडकवून फिरते, पण घरात भिंगरीच. सासूबाईंनी ठेवलेलं नाव, ते काही सुटत नाही.

मागच्या महिन्यात तिच्या वॉर्डात एक आजीबाई आल्या. बोली आपलीच, दुसरी कुठली येत नाही. भिंगरीला वाटलं, चला, एवढं आपल्याला जमेल. तिने विचारलं, "आजी, दुखते काय?" आजीबाई म्हणाल्या, "दुखत नाही गं बाई, ठणकतंय." हिने कागदावर लिहिलं, दुखणं नाही, आणि पुढच्या खाटेकडे गेली.

संध्याकाळी लादी पुसणाऱ्या बाईंनी तिला अडवलं. "डॉक्टर, ती म्हातारी मघापासून पाय धरून बसलीय. तुम्ही बघितलं तरी काय?" आत पू झाला होता. वेळेत कळलं, आजीबाई बऱ्या होऊन घरी गेल्या, देवाची कृपा. पण भिंगरी त्या दिवशी आली ती बूटही न काढता माझ्यासमोर बसली.

"आई, ठणकणे म्हणजे?"

मी म्हटलं, "आत कुणी हातोडी घेऊन बसल्यासारखं."

"आणखी कसं कसं दुखतं आपल्यात?"

आता काय सांगायचं! हिशेबाच्या वहीचं मागचं पान उघडलं आणि लिहायला लागले. कळ, चमक, उसण, मुरडा, ठसठस, चुरचुर, सणक, आग, खुपणं, सलणं. चार दिवसांत एकेचाळीस झाले. भाजी चिरताना आठवला की हात पुसून लिहायचा. एवढी आपली दुखणी, आणि मी जन्मभर डॉक्टरांना नुसतं "पेन, पेन" सांगत आले.

भिंगरीने त्यातून फोनवर एक सोय केली आहे. पडद्यावर माणसाचं चित्र असतं. पोटावर बोट ठेवलं की फोन विचारतो, "कळ येते का? मुरडा येतो का? जळजळतं का?" आजाऱ्याने नुसती मान हलवायची, डॉक्टरला अर्थ इंग्रजीत दिसतो. आवाज आधी माझाच भरला होता. वॉर्डातल्या एका आजोबांनी तो ऐकला आणि विचारलं, "ह्या बाई बातम्या देतायत का?" भिंगरी हसून हसून वाकली. मी शुद्ध बोलते ना, मॅट्रिकच्या धड्यासारखं!

मग तीच म्हणाली, "आई, आत्याचा आवाज हवा. आत्या 'हवा कशी आहे' विचारते तेव्हा खरंच काहीतरी विचारल्यासारखं वाटतं."

वन्सं, तुमचा आवाज हुबेहूब सासूबाईंचा आहे. हे मी तिला सांगितलं नाही.

ती फोन घेऊन तुमच्याकडे आली तर तासभर द्याल का? मागचं मनात ठेवू नये. सासूबाई तुमच्याकडे राहायला आल्या त्या आमच्या तिसऱ्या मजल्यामुळे, जिने चढवेनात म्हणून, हे मी तेव्हाही सांगितलं होतं. पोरीचा त्यात काही संबंध नाही. यादी सोबत जोडली आहे. एखादं दुखणं राहिलं असेल तर भर घालावी.

तुमची,
भावजय

॥ श्री ॥

दि. २ जुलै, रविवार

ती. वन्संना नमस्कार.

तुमचं कार्ड मिळालं. तीन ओळी. "आवाज देईन. यादीत हुरहूर राहिली. आणि तिसऱ्या मजल्याचं मला परत लिहू नकोस, माझं घर चौथ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट नव्हती, मग आई खरं कशामुळे आली?"

ते वाचलं आणि तांदूळ निवडत बसले. निवडलेले परत निवडले. बावीस वर्षं तुम्हाला हे ठाऊक होतं आणि तुम्ही गप्प होतात. मला वाटत होतं गप्प मी आहे.

आज सगळं लिहिते. मध्ये थांबले तर परत लिहिणं व्हायचं नाही, म्हणून भाताचा कुकर आधीच उतरवून ठेवला आहे.

सासूबाई वारल्या त्या दिवशी तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "हिच्या वहीत आईच्या चहाचासुद्धा हिशेब असेल." केवढी चिडले मी! वही आणून तुमच्या पुढ्यात आपटणार होते. कारण ते खोटं होतं, वन्सं. त्यांचा घास मी कधी मोजला नाही. आणि खोटा आळ अंगावर आला की माणसाला किती बरं वाटतं, हे मला त्या दिवशी कळलं. त्याच्या आड मी वीस वर्षं आरामात बसले.

खरं असं आहे. भिंगरी सहा वर्षांची असताना शाळेतल्या बाईंनी मला बोलावलं. पोरगी अर्धं वाक्य एका भाषेत, अर्धं दुसऱ्या भाषेत बोलते, मागे पडेल, घरी एकच भाषा ठेवा, म्हणाल्या. त्या भराभर बोलत होत्या आणि मी "यस, यस" करत होते. शेजारी दुसरी एक आई बसली होती, ती माझ्या "यस"ला गालात हसली. ते हसू मी घरी घेऊन आले. माझ्या पोरीला कुणी असं हसायला नको, एवढंच डोक्यात होतं.

ह्यांना इंग्रजी येत होतं. मी मॅट्रिकपुरतं. सासूबाईंना अजिबात नाही.

तुम्हाला आठवतं, त्या पोरीशी दिवसभर कशा बोलायच्या? ती खरचटून घेऊन आली की आधी विचारायच्या, "चुरचुरतंय की ठणकतंय?" चुरचुरत असेल तर फुंकर. ठणकत असेल तर तळवा दाबून धरायचा. कळ असेल तर दोघींनी दहा आकडे मोजायचे. पोरगी रडणं विसरून विचार करायला लागायची, आपलं नक्की काय होतंय. स्वयंपाकघरात मला सगळं ऐकू यायचं. घर कसं भरलेलं होतं तेव्हा. आता त्याच घरात मी घड्याळाचा काटा ऐकते.

शाळेतून आले ती थेट त्यांच्यापुढे उभी राहिले. म्हटलं, "आई, आजपासून भिंगरीशी मराठीत बोलू नका."

त्या मोजे रफू करत होत्या. मान वर करून म्हणाल्या, "मग कशात बोलू?"

मी वळून मोरीकडे गेले. डबा धुवायला घेतला.

ओरडा नाही, भांडण नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या गप्प झाल्या. पोरगी गुडघा फोडून आली तर जवळ ओढून घ्यायच्या, फुंकर घालायच्या, बस. मी दारात उभी राहून बघायचे आणि, खोटं कशाला लिहू, मला जिंकल्यासारखं वाटायचं. आठ महिने असं चाललं. मग एक दिवस त्या ह्यांना म्हणाल्या, "मला माझ्या लेकीकडे नेऊन सोड." ह्यांनी विचारलं, "का गं आई, काय झालं?" मीच मध्ये म्हटलं, "जिने चढवत नाहीत त्यांना." त्यांनी माझ्याकडे बघितलं. केवढा वेळ बघितलं. आणि लेकाला म्हणाल्या, "हो रे. जिनेच."

त्यांनी तुम्हालाही सांगितलं नाही, हे आज तुमच्या कार्डावरून कळलं. माझी लबाडी त्यांनी शेवटपर्यंत सांभाळली. देवापुढे हे मी रोज सांगत आले, पण देव उलट प्रश्न विचारत नाही. तुम्ही विचारलात.

पोरीला इंग्रजी आलं त्याचं मला दुःख नाही. ते हवंच होतं, त्याच्याच जोरावर ती डॉक्टर झाली. पण एक आणायचं तर दुसरं घराबाहेर काढावं लागतं, असं कसं मला वाटलं? जसं काही पोरीच्या डोक्यात एकच कपाट होतं! आणि वन्सं, तोटा माझाही झाला. आजीशी तर तिचं बोलणं तुटलंच, पण माझं आणि तिचंही सगळं बोलणं माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीत मावेल तेवढंच झालं. अभ्यास झाला का, डबा खाल्ला का, उशीर करू नकोस. ह्या दुखण्यांच्या यादीवरून आम्ही दोघी बसलो, त्या चार दिवसांत जेवढं बोललो तेवढं वीस वर्षांत बोललो नसू. ती म्हणत होती, "सॉरी आई, मीच आळशी, मीच शिकले नाही." मी ते ऐकून घेतलं.

इथपर्यंत सकाळी लिहून झालं होतं. मग विचार केला, तुम्हाला पाकिटातून कळणार आणि पोरीला तुमच्याकडून कळणार, हे काही बरं नाही. तिला सुट्टी होती. समोर बसवलं आणि हे पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. अडेल तिथे थांबून समजावलं. हे आत पेपर वाचत होते, त्यांच्या पेपराचा आवाज मध्येच बंद झाला तेव्हा कळलं की तेही ऐकतायत.

भिंगरीने पत्र माझ्या हातातून घेतलं. मी तयारी केली होती. ओरडली असती तर ऐकून घेतलं असतं, उठून गेली असती तर जाऊ दिलं असतं.

ती म्हणाली, "म्हणजे आजी माझ्यावर रुसली नव्हती?"

मला कळेना. मग हळूहळू सांगितलं तिने. त्याच दिवसांत सासूबाई तिला शाळेतून आणायला फाटकापाशी गेल्या होत्या. मैत्रिणींसमोर तिला हाक मारून म्हणाल्या, "गुड मॉर्निंग." दुपारचे तीन वाजले होते. सगळ्या पोरी हसल्या, ही पण हसली. घरी येईपर्यंत आजी काही बोलली नाही, आणि पुढेही नाही. मग आजी निघूनच गेली. तेव्हापासून ही पोरगी धरून बसली होती, की मी हसले म्हणून आजीने बोलणं टाकलं, मी हसले म्हणून ती गेली. कुणालाच सांगितलं नाही. सहा वर्षांची होती हो!

वन्सं, त्या दुपारी त्यांना कुणीतरी ते शब्द शिकवले असतील. बहुधा त्यांनी कुणाला तरी विचारले असतील. "मग कशात बोलू?" ह्याचं उत्तर त्या शोधत होत्या, जे मी दिलं नव्हतं.

मी तिला म्हटलं, "नाही गं, रुसली नव्हती. मी गप्प केलं होतं." तिने मान हलवली, पण तिला ते पटलं का, मला सांगता येत नाही. बावीस वर्षांचं आहे ते, माझ्या एका वाक्याने कसं जाईल? आणि माझ्या शब्दावर तिने आता का विश्वास ठेवावा? हे बाहेर आले, तिच्या डोक्यावर हात ठेवला, माझ्याकडे न बघता परत आत गेले. अजून माझ्याशी बोललेले नाहीत. बोलतील तेव्हा बोलतील.

म्हणून माझं मागणं आता बदललं आहे. आवाजाचं तुम्ही कबूल केलंय, ते कराच, आजारी माणसांचं काम आहे. पण त्याआधी भिंगरीला जवळ बसवा. सासूबाई दोन वर्षं तुमच्याकडे होत्या. तिची आठवण काढत असतील, काही म्हणत असतील. जे म्हणत होत्या ते त्यांच्याच बोलीत, जसंच्या तसं तिला सांगा. सगळं कळलं नाही तरी चालेल. ती विचारेल, तिला आता विचारायला येतं.

ती शनिवारी सकाळच्या गाडीने निघेल. मी येत नाही. तुम्ही बोलावलंत तर येईन, तोपर्यंत मला क्षमा करा असं लिहायचा मला हक्क नाही, म्हणून लिहीत नाही.

तुमच्या आईला गप्प करणारी,
तुमची भावजय