बरणीवरची टिकली

१८ नोव्हें., मंगळ.
मिनूचा पुन्हा फोन. नाताळात जावयांना घेऊन येतेय आणि तिला जास्वंदीची वाइन हवीच आहे. मसाल्याची, थंडीत गरम करून प्यायची. व्हिडिओ पाठवलाय. म्हटलं, अगं, तुझ्या बाबांच्या घरात? तर म्हणे बाबांनीच हो म्हटलं. हे उन्हात बाजेवर बसून ऐकत होते. "कर ना, मले काय होते?" हा आवाज मी ओळखते. यांची मोहाची दारू सुटायच्या आधी वीस वर्षं हाच ऐकला.
वास – नाही. (दोन वर्षं झाली, हे घरात शिरताना यांच्या तोंडाचा वास दारातच घेते आणि इथं लिहिते. यांना ठाऊक नाही.)

२० नोव्हें.
फुलं यांनीच तोडली, टोपलीभर. देठ काढून पाकळ्या तेवढ्या घेतल्या. साखरेच्या पाण्यात दालचिनी, लवंगा, आलं, संत्र्याची साल उकळून पाकळ्यांवर ओतलं, कोमट झाल्यावर बेकरीतलं यीस्ट. काचेच्या बरणीला फडकं बांधून तांदळाच्या कोठीमागं ठेवली. शाळेत कळलं तर मास्तरीणबाईनं भट्टी लावली म्हणतील. आमगाव केवढंसं!
वास – नाही.

२३ नोव्हें.
बरणी बुडबुडतेय. पाकळ्या सगळ्या वर, फेसासकट. जिथवर आलंय तिथं काचेच्या मागच्या बाजूला लाल टिकली चिकटवली. लाज वाटली. पण दुधानं तोंड पोळलंय माझं, ताक फुंकणारच.
वास – नाही.

२७ नोव्हें.
हे आज दोनदा कोठीकडं गेले. तांदळाला किडे लागले का पाहतो म्हणे. जन्मात कधी पाहिले होते?
वास – नाही. बडीशेपेचा येतो. बडीशेप कशाला?

३० नोव्हें., रवि.
टिकलीच्या खाली दोन बोटं! तीनदा पाहिलं. जेवताना राहवलं नाही, विचारलंच. यांनी उठून बरणी फिरवली, टिकली पाहिली. "दोन बोटं? म्या पेलो असतो तं बरनी राह्यली असती का?" खरं म्हणजे पटण्यासारखं आहे. पण खोटंही असंच पटवायचे.
ताट तसंच.

१ डिसें.
सकाळच्या गाडीनं सालेकशाला बहिणीकडं गेले. "जाऊन राह्यलो" एवढंच. तिच्या घरामागंच मोहाची गाळतात.
माणूसच नाही, वास कुठला.

२ डिसें.
फोन उचलत नाहीत. नणंदेला लावला. "दादा बाहेर गेला जी, वहिनी." कुठं? "सांगून नाही गेला." तिचा आवाज मला जरा... जाऊ दे. मला तर आता सगळेच लपवताहेत असं वाटतं. सर्दीनं डोकं गच्च. शाळेत रजा.

३ डिसें., बुध.
मोहफुलं विकणारी फुलवंताबाई आली. म्हातारीनं मोहाचे सडवे घालण्यात, दारूसाठी फुलं आंबवण्यात जन्म काढलाय, म्हणून बरणी दाखवली. हसायलाच लागली. "अवो बाई, कोनी नाही पेलं. जोर व्हता तवा फूल वर आलतं, आता बसलं. मोहाचंबी असंच होते."
म्हणजे आपसूक उतरलं. माझं मेलीचं तोंड! दोन वर्षं ज्यानं थेंबाला हात लावला नाही त्याला मी चोर ठरवून नेमकं मोहाच्या दारात धाडलं. आता तिथं घेतली असेल तर ती माझ्याच हातची.
फोन अजून उचलत नाहीत. सर्दीवर म्हणून बरणीतलं फुलपात्रभर गरम करून पिऊन पाहिलं. रंग सुरेख, लालभडक. लवंग एवढी घातली, पण नाकाला काहीच कळत नाही.

४ डिसें., गुरु.
दुपारच्या गाडीनं आले. दाराशी थांबले. चप्पल काढली, आणि मी काही म्हणायच्या आत तोंड माझ्या नाकाशी आणून श्वास सोडला. "घे. अन् लिहून ठेव."
ठाऊक होतं तर. दोन वर्षं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
"नाक बंद हाये माहं," म्हटलं. "काहीच समजत नाही."
"मंग?"
"मंग काही नाही. फुलं बसली म्हणून उतरलं ते. चुकलं माहं."
"मंग आता इस्वासच ठेवा लागन तुले." हात-पाय धुवायला गेले. पाय जरा जड पडत होते. प्रवासानं असतील.
टिकली खरवडून काढली.
वास –