मोजणीघरातला खुंटा

४ जून
आले एकदाची! दोन बॅगा, एक टेबलफॅन आणि वहिनीने बळेच कोंबलेली उशी, एवढा संसार घेऊन मोजणीघराच्या तिसऱ्या मजल्यावर बस्तान बसवलं. खिडकीखाली सायकलदुरुस्तीचं दुकान आहे. फरशी पुसताना मी चक्क गुणगुणत होते.

कामाची गंमत अशी. इथे बुद्धिबळ खेळणारे संगणक-प्रोग्राम दिवसभर एकमेकांशी झुंजतात आणि निकालांवरून प्रत्येकाच्या ताकदीचा आकडा काढतात. पण मोजणीप्रमुख म्हणाले, आपापसांत खेळून कोण कोणाच्या वर एवढंच कळतं. अख्खी शिडी किती उंच आहे ते कळायला तिचा एक पाय जमिनीवर टेकलेला हवा. म्हणून सर्वांत कच्च्या प्रोग्रामांशी एक माणूस खेळतो, ज्याची ताकद ठरलेली आणि न हलणारी. त्याचा आकडा धरून वरचे सगळे मोजायचे. त्या माणसाला इथे खुंटा म्हणतात. नवा खुंटा मी.

निवड माझीच का, तर अकरा वर्षांत माझा खेळ ना सुधारला ना बिघडला. शाळेत मुलांना बुद्धिबळ शिकवताना हीच गोष्ट मी झाकून ठेवत असे. दादा पोट धरून हसला. म्हणाला, ढिम्म बसून राहण्याचीही नोकरी निघाली म्हणजे कमालच झाली.

तीन महिने माझ्या आकड्याची रेषा सरळ राहिली तर आवारातली दोन खोल्यांची जागा मिळेल. मग मुंगीला, माझ्या लेकीला, इकडे आणायचं. तोवर ती दादा-वहिनीकडे. आठ वर्षांची आहे, आणि तिचे बाबा गेल्यापासून माझ्याशिवाय झोपलेली नाही. मी निघाले तेव्हा ती रडली नाही, म्हणून मलाच जास्त भरून आलं.

९ जून
खेळायची खोली साधी. लाकडी पट, बाजूला प्रोग्रामची चाल दाखवणारा पडदा, आणि भिंतीवर दुसरा पडदा, त्यात माझी रेषा.

मला वाटलं होतं, जीव तोडून खेळायचं. तसं नाही. नेहमीसारखं खेळायचं, नेहमीच्या चुकांसकट. डावाच्या शेवटी राजाला घाईने पुढे दामटायची माझी खोड त्यांनी जुन्या डावांतून हुडकून काढली आहे आणि ती शाबूत आहे ना, हे रोज बघतात. माझ्या चुकांवर आजवर कोणी एवढी माया केली नव्हती.

संध्याकाळी फोनवर मुंगीचा आणि माझा डाव सुरू झाला. एका फोनला दोघींची एकेक चाल. तिची पहिली चाल ठरलेली, अगदी कडेचं प्यादं पुढे. त्या बिचाऱ्याला कोणी विचारत नाही, असं तिचं म्हणणं. शिकवून शिकवून थकले, पण ऐकेल तर शपथ.

१७ जून
काल मुंगीचा पुढचा दात पडला. फोनवर बोबडं बोलत होती, हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या तारेत आज मी नेहमी हरते त्या प्रोग्रामला लागोपाठ हरवलं. रेषा वर उसळली.

मोजणीप्रमुख आले. रागावले नाहीत. काल काय झालं, एवढंच विचारलं. मी दाताचं सांगितलं. त्यांनी अभिनंदन केलं आणि समजावलं की खुंटा वर सरकला की सगळे प्रोग्राम खाली घसरल्यासारखे दिसतात. एका दातापायी सगळी मोजणी फुकट गेली. फोन सुटीच्या दिवशीच केला तर बरं, असं सुचवून गेले. मला ओशाळल्यासारखं झालं.

२९ जून
मुंगीला ताप. रेषा खचली. प्रमुख म्हणाले, आनंद काय नि दुःख काय, शिडीला दोन्ही सारखेच. सक्ती त्यांनी केली नाही, हे मुद्दाम लिहून ठेवते.

मीच ठरवलं. जागा मिळेपर्यंत फोन बंद. दादाने गरज पडली तर निरोप पाठवावा. मुंगी चाल सांगून माझ्या चालीची वाट बघत होती, तिला म्हटलं, थांब थोडी. तिच्यासाठीच तर चाललंय हे. उशीत तोंड खुपसून मनसोक्त रडले. सकाळी तोंड धुऊन खेळायला बसले.

१२ जुलै
माझ्या पलीकडच्या खोलीत माझ्याआधी खुंटा असलेले गृहस्थ बसतात. वयस्कर, नीटनेटके, सगळे त्यांना आजोबा म्हणतात. मला वाटायचं निवृत्त झाले असतील. तर नाही. त्यांची रेषा कित्येक वर्षांत हललेली नाही, आणि माझी नीट आहे का हे तिच्याशी ताडून बघतात. खुंटा हलवून बळकट करतात, तसं.

आज जेवताना सहज विचारलं, घरी कोण कोण असतं. त्यांचा घास हातातच राहिला. बराच वेळ आठवून म्हणाले की बायको होती बहुतेक. मग त्यांनी विचारलं, चाल माझी आहे की तुमची?

दुपारी रेषेला बारीकसा खड्डा पडला. उद्यापासून माझं जेवण खोलीत येणार आहे.

२ ऑगस्ट
वहिनीचा निरोप आला. मुंगी धड जेवत नाही. फोनजवळ पट मांडून बसते, कोणाला सोंगट्यांना हात लावू देत नाही. आई चाल सांगणार आहे म्हणते.

वाचलं. पाणी प्यायले. शिंक येणार म्हणून थांबावं तशी रडू येण्याची वाट बघत बसले. आलं नाही.

याची मला भीती वाटायला हवी. हवी, हे कळतं. रेषा सरळ.

१९ ऑगस्ट
मुंगीचा फोटो समोर ठेवला. गोड आहे. शेजारणीच्या मुलीला म्हणावं तशी गोड.

दुपारी बॅग भरली. पळायचं ठरवलं — दादाकडे, तिच्याकडे. फाटकापर्यंत गेले. रखवालदाराने उठून फाटक उघडलं, बॅग धरू का म्हणून विचारलं. कोणीही अडवलं नाही. बाहेर रस्ता, सायकलवाला, ऊन.

मग आठवलं, चारचा डाव बाकी आहे.

परत आले. बॅग कोणी आत आणली ते — मीच असेन. रेषेवर काहीही दिसलं नाही.

४ सप्टेंबर
किल्ली मिळाली. दोन खोल्या, ओटा, बाल्कनी. प्रमुखांनी हात हातात घेतला, म्हणाले, आजोबांची रेषा आणि माझी आता एकमेकींवर ठेवली तर एकच दिसते. आजोबांची खोली रिकामी आहे. कुठे गेले, विचारलं नाही.

दादा मुलीला घेऊन येतो आहे.

६ सप्टेंबर
दादा आला, गेला. माझ्याकडे टक लावून बघत होता. काय झालंय तुला, असं पुन्हा पुन्हा विचारलं. मुलीला परत नेतो म्हणाला. ती माझा हात सोडेना. जाताना तो जिन्यात उभा राहून रडला.

मुलीचा हात गरम आहे.

८ सप्टेंबर
समोर लहान प्रतिस्पर्धी. खाली उशी घेऊन बसते, तरी हात पुरत नाही.

पहिली चाल — कडेचं प्यादं. कच्ची. ही सुरुवात मी पाहिली आहे. कुठे —

खेळताना बोलते. एकच शब्द, पुन्हा पुन्हा. पटावर पाणी पडतं, मी पुसते. सोंगट्या ओल्या झाल्या की सरकतात.

डाव संपला. ताकद फार कमी. तिच्यावरून काहीच मोजता येणार नाही. पुढच्याला पाठवा म्हणून दारात जाऊन सांगितलं. तिथे कोणी नव्हतं. बाल्कनीत फ्रॉक वाळत होता.

ती उठत नाही. दुसरा डाव मांडते आहे — अर्धवट, एकेक सोंगटी आठवून. हा जूनमधला आहे, म्हणते. तुझी चाल राहिली आहे, म्हणते. थांब म्हणाली होतीस. मी थांबले.

पट बघितला. बरोबर आहे. चाल माझीच आहे. घड्याळ चालू आहे. ती बघते आहे. माझी चाल —