पिवळी रेघ

७ सप्टें., रवि.

सीट काढली. वार्षिक परवानगीचे कागद ऑक्टोबरअखेर द्यायचेत, म्हणून टिटवी, हे माझं छोटं विमान, पूर्ण उघडायचीच होती. क्लबातले बाकीचे सगळे हँगरबाहेर नदीच्या बांधावर डबे खात बसलेले. म्हटलं, एवढं उरकून जाते.

सीटखाली एलेरॉनच्या, म्हणजे पंखांच्या झडपा हलवणाऱ्या, दांड्याचा बोल्ट. नटावरची रेघ तुटलेली. लाल पण, पिवळी पण. अर्धी बोल्टवर, अर्धी नटावर, मध्ये करंगळीच्या नखाएवढं अंतर. म्हणजे नट फिरलाय. आणि नट फिरू नये म्हणून घालायची ती स्प्लिट पिन नाही. गळून पडलेली नाही, घातलेलीच नाही, कारण पिनेच्या भोकात पिवळा रंग वाळून बसलाय.

लाल रेघ माझी. नट आवळायचा, पिन घालायची, मग लाल ओढायची. पिवळी ओनुमा-सानची. सत्याहत्तर वर्षांचे, जन्मभर विमानं दुरुस्त केलेला माणूस, क्लबातली दुसरी नजर कायम त्यांची. त्यांनी पाना लावून, पिन चाचपून मग पिवळी ओढायची. दोन रेघा झाल्याशिवाय आमच्याकडे कोणाचंच घरी बांधलेलं विमान जमीन सोडत नाही.

चौदा महिने उडतेय मी यावर. हा सुटला असता तर विमान वळवायची काठी माझ्या हातात आणि पंख आपल्या मर्जीनं.

फोनवर फोटो काढला. आणि तिथेच फरशीवर बसले. डबा तसाच परत आणला. लेकीनं, साईनं विचारलं, तर म्हटलं भूक नव्हती.

८ सप्टें., सोम.

इन्स्टि.मध्ये दिवसभर मायक्रोस्कोपखाली तुटलेले नमुने. धातू कुठून तडकायला लागतो हे शोधायचा पगार मिळतो मला. आणि स्वतःच्या बुडाखाली काय चाललंय याचा पत्ता नाही. धन्य.

जेवणाच्या सुट्टीत बांधणीची जुनी वही उघडली. बोल्ट क्र. ८३. त्या दिवशीचं पान अर्धंच. खाली माझ्याच गिचमिड अक्षरात: ‘पुण्याहून फोन, आई पडली, निघते.’ पुढचं पान ८४पासून सुरू. ८३पुढे बरोबरची खूण आहे.

चूक माझी. शंभर टक्के. पण माणूस चुकतो म्हणूनच ना दुसरी रेघ? नाहीतर पिवळं पेन आणायचंच कशाला.

१४ सप्टें., रवि.

शिरीषदादाला सांगितलं. नेहमीप्रमाणे निशी-कसाई स्टेशनवरून त्यानं मला गाडीत घेतलं. कावासाकीहून एवढा वळसा घालून येतो बिचारा, दर रविवारी. बावीस वर्षं झाली त्याला जपानात. मला क्लबात आणलं त्यानं, अर्धवट बांधलेली टिटवी कोणीतरी सोडून देतंय ही बातमी आणली त्यानं. मला भाऊ नाही, म्हणून भाऊबीजेला न चुकता ओवाळून घ्यायला येतो.

वाटेत एका कोम्बिनी दुकानापाशी कॉफीला थांबलो तेव्हा फोनवर फोटो दाखवला.

“बाप रे,” म्हणाला. मग बराच वेळ कपाचं झाकण उघडत-लावत बसला. मग म्हणतो, “वसू, तू नंतर परत बघत नाहीस?”

“कशानंतर?”

“ओनुमा-सान बघून गेले की. सगळेच बघतात गं. त्यांची मान वाकत नाही आता, सीटखाली तर शिरताच येत नाही. तीनेक वर्षं झाली. ते नुसती रेघ ओढतात.”

“सगळे म्हणजे कोण?”

“सगळे.”

“तू?”

“हो, म्हणजे... मी पण.”

मी गाडीतून उतरले. दार आपटलं. मग लक्षात आलं की तिथून ना ट्रेन, ना बस. दहा मिनिटं त्या पार्किंगमध्ये कचऱ्याच्या डब्यांशेजारी उभी राहिले आणि मुकाट्यानं परत गाडीत बसले.  तो एकदा “एसी कमी करू का?” म्हणाला, तेवढंच.

१५ सप्टें., सोम. (सुट्टी)

आज ज्येष्ठांचा दिवस. क्लबात दर वर्षी ओनुमा-सानसाठी छोटा कार्यक्रम असतो, मी पोळ्या-भाजी करून नेते. नेली. का नेली, देव जाणे. आधी ठरलं होतं म्हणून.

सगळे त्यांच्यासमोर वाकत होते. तानाबे-साननी भाषण केलं. हे आमचे अध्यक्ष, पेशानं दातांचे डॉक्टर. म्हणाले, “ओनुमा-सानच्या डोळ्यांमुळे आपण सुरक्षित आहोत.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी एकेकाचा चेहरा बघत होते. एकाची पापणी हलेल तर शपथ! आणि ओनुमा-सान माझ्या पोळीचा तुकडा चॉपस्टिकमध्ये धरून मला म्हणतात, “वसुधा-सान, यंदा जास्त मऊ झाल्यात.”

मी हसले. मीपण हसले. त्याचाच जास्त राग येतोय.

घरी सगळं सांगितलं. माझा नवरा अभय म्हणाला, “बास झालं आता उडणं.” साई होमवर्क करता करता जपानीतच विचारती झाली, “मिन्ना शित्तेता नो?” सगळ्यांना माहीत होतं? नऊ वर्षांच्या पोरीला एका वाक्यात कळलं. आम्हाला तीन वर्षं लागली.

२१ सप्टें., रवि.

तानाबे-सानना गाठलं. आधी मान तिरकी, मग दातांतून हवा ओढली, मग: “शिरीष-साननी तुम्हाला सांगितलं असेल असं आम्हाला वाटलं. तुम्ही दोघे एका भाषेचे.”

दादाला विचारलं. “अगं, मला वाटलं तुला दिसलंच असेल. सगळे मागे रेंगाळतात ते कशाला?”

मला वाटायचं, गप्पा मारायला! मला तर चारची ट्रेन धरायची असायची, साईचा क्लास. ओनुमा-सानना वाकून निरोप द्यायचा आणि मी त्यांच्याबरोबरच बाहेर पडायचे. त्यांच्याच गाडीतून, स्टेशनपर्यंत. त्या गाडीत त्यांनी मला केसाएवढ्या बारीक चुका कशा पकडायच्या ते शिकवलं. आणि मागे हँगरमध्ये बाकीचे त्यांचंच काम पुन्हा करत होते.

अख्ख्या क्लबात एकच गाढव, आणि ते पुण्याचं.

जपानी माणसं बोलत नाहीत, ठीक. त्यांची रीत. पण दादा? त्याला काय रोग झाला होता? आमटीत मीठ कमी आहे हे सांगायला लाजत नाही माझ्या घरी.

२८ सप्टें., रवि.

विचारलं. सरळ ओनुमा-साननाच. इतर कोणी नव्हतं, ते बाकावर पेनं पुसत बसले होते.

म्हटलं, “माझ्या ८३वर तुमची पिवळी आहे. पिन नव्हती. मी चौदा महिने उडले.”

त्यांनी फोटो बघितला. चष्मा वर करून, फोन नाकाशी आणून. मग म्हणाले, “पण नंतर तुम्ही बघता ना?”

“नाही.”

“सगळे बघतात.” अगदी सहज म्हणाले. “मला माहीत आहे. मी निघालो की हँगरचे दिवे परत लागतात. बांधावरून दिसतं.”

म्हणजे त्यांनाही माहीत! त्यांना वाटत होतं, लोक मागून बघतातच, मग आपण रेघ ओढली काय, न ओढली काय. लोकांना वाटत होतं, म्हाताऱ्याचं मन कशाला मोडा, आपण बघू. सगळ्यांचं सगळं छान बसवलेलं. त्या सगळ्यात खरोखर त्यांच्या नजरेवर उडणारी मी एकटी.

“पण तुम्ही तर माझ्या गाडीत असायचात,” हे मी नाही, तेच म्हणाले. आणि मग त्यांचा चेहरा असा उतरला की मलाच पाणी आणायला धावावं लागलं. पेनाचं टोपण त्यांना लावता येईना. मी लावून दिलं.

मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

५ ऑक्टो., रवि.

ओनुमा-सान आले नाहीत. तानाबे-सानचा सगळ्यांना मेल: तब्येतीच्या कारणानं ते काही काळ विश्रांती घेतील, काही गैरसमज झाल्याचं ऐकलं, सर्वांनी एकमेकांच्या भावना जपाव्यात.

गैरसमज! भोकात रंग आहे माझ्याकडे, फोटोसकट.

हँगरमध्ये सगळे नेहमीसारखे गोड बोलत होते. फक्त चहाच्या वेळी माझ्या शेजारची खुर्ची रिकामी. मी पाने पुसले आणि दोनच्या ट्रेननं आले. दादाला कळवलं नाही.

१९ ऑक्टो., रवि.

गेले नाही. अभयनं विचारलं, विकून टाकायची का? मी त्याच्यावर असं काही ओरडले की साई खोलीतून बाहेर आली. सहा वर्षं गेलीत त्या टिटवीत. तिच्या पंखांचं कापड मी स्वतः इस्त्रीनं ताणून बसवलंय, दोन बोटं भाजून घेतलीत. चूक तिची काय?

खरं सांगायचं तर बांधणीची वही मांडीवर घेऊन बसले होते. प्रत्येक पानाला मागे त्यांचं बारीक अक्षर. ‘छान.’ ‘छान.’ ‘वायर उलटी, पुन्हा.’ सुरुवातीची सगळी खरी तपासणी. कुठल्या पानापासून खोटी झाली ते अक्षरावरून कळत नाही.

२३ ऑक्टो., गुरु. भाऊबीज

वाटलं नव्हतं येईल. ऑफिसातून थेट, टाय सैल, हातात निशी-कसाईच्या दुकानातली काजू कतली. अभयनं दार उघडलं. मी चहा टाकला. ताम्हण खाली काढलंच नाही.

तो पण वाट बघत बसला. दोनदा ओट्याकडे बघितलं. मग म्हणाला, “तुला सांगितलं असतं तर तू त्यांना तोंडावर विचारलं असतंस, वसू. म्हणून नाही सांगितलं. आणि बघ, तेच केलंस.”

“आणि मी पडले असते तर?”

“तसं नसतं झालं.”

“कशावरून?”

त्यानं कप फिरवला. “रोज वाटायचं, पुढच्या रविवारी सांगू.”

“तीन वर्षं, दादा.”

“हो.”

“मी वर असताना तू खाली उभा राहून व्हिडिओ काढायचास. माझे.”

यावर तो रडला. मोठा अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, आमच्या एवढ्याशा स्वयंपाकघरात. मला दया आली आणि तरीही ओवाळावंसं वाटलं नाही. साईनं त्याला टिश्यूचा डबा दिला. तो तसाच, कोऱ्या कपाळानं गेला. काजू कतली फ्रिजवर आहे, कोणी हात लावत नाही.

२६ ऑक्टो., रवि.

ओनुमा-सान आले होते. मी पोचले तर टिटवीपाशी चटई अंथरून तयार. गुडघ्याला पट्टे, गळ्यात भिंग, हातात तो दातांच्या डॉक्टरांचा असतो तसा छोटा आरसा. तानाबे-सानकडून आणला असणार. मला म्हणाले, “पहिल्यापासून करू. आज वेळ आहे ना?”

सगळे बोल्ट. पाना, आरसा, बोटानं पिन. प्रत्येकावर जुनी रेघ खरवडून नवी पिवळी. मी आकडा म्हणायचा, त्यांनी “हाय” म्हणायचं, म्हणजे ‘हो’. ८३ला उताणे झोपले फरशीवर, मान सीटखाली घालून. पाव तास लागला. मध्ये श्वास इतका लागला की मी म्हटलं, राहू द्या. “आकडा,” म्हणाले. “त्र्याऐंशी,” म्हटलं मी. माझी नवी पिन त्यांनी दोनदा हलवून बघितली.

शेपटीकडे एक वायर उलटी वळवलेली सापडली. माझीच. एवढ्या वर्षांत मला दिसली नाही, त्यांना भिंगातून दिसली. म्हणजे येत होतं त्यांना! मान मोडून का होईना, जमत होतं. मग माझ्या वेळी का नाही? हे विचारायचं अगदी जिभेवर आलं होतं. त्यांनी वायर नीट केली आणि वहीत लिहिलं, ‘पुन्हा.’

बाकीचे लांबून बघत होते. दादापण. जवळ कोणी आलं नाही.

साडेचारला संपलं. आज मी त्यांच्या गाडीतून गेले नाही, म्हटलं, आवराआवर करून येते. त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला, मी त्याहून खाली वाकले. ते गेले. मागोमाग इतर लोकही गेले.

अंधारून आलं होतं. मी दिवा लावला, पाना घेतला आणि एक नंबरपासून सुरू केलं.

ठरवून नाही केलं. हात गेलाच. एक, दोन, तीन, पाना, पिन. सगळं चोख होतं. चाळिसेक झाले असतील, तेव्हा पाठ सरळ करायला उभी राहिले आणि दारातून बांध दिसला. त्यांची गाडी तिथेच उभी होती. मागचे लाल दिवे चालू.

दिवा विझवायला हवा होता का? सुचलंच नाही. जाऊन काय बोलणार होते? मान खाली घातली आणि पुढचा बोल्ट घेतला. राग अजून होता, तो कुठे जातोय. पण लाज वाटत होती, कान गरम होण्याइतकी.

गाडी हलली तेव्हा मी ८२वर होते. पाना घेऊन ८४वर गेले, शेवटपर्यंत उरकले आणि सीट बसवून टाकली. ८३ पाहिला नाही.

१ नोव्हें., शनि.

कागद मंजूर. उद्या वारा कमी सांगितलाय. दादाचा मेसेज: स्टेशनवर सातला येऊ का? उत्तर दिलेलं नाही.

अभय विचारतोय, पुन्हा सगळं नीट बघितलंस ना? मी म्हटलं, एक राहिलाय.