गोंडे तेवढे माझे

किन्हवली

प्रिय राघो,

फोन केला की तू “बरं, बरं” म्हणतोस आणि माझं वाक्य अर्ध्यात असतानाच ठेवून देतोस, म्हणून हे पत्र. तुझ्या लेकीला, हर्षालीला, मी बजावलंय की बाबांनी शेवटची ओळ वाचेपर्यंत त्यांना चहा द्यायचा नाही.

तू महिनाभर मुरबाडला तिच्याकडे जाऊन बसलास आणि जाताना माझ्या पलंगावर पिशवी टाकून गेलास. “अक्का, जरा शेवटचा हात फिरव.” जरा! सात फुटांचं क्रोशाचं तोरण, त्यात अकरा मोर, आणि प्रत्येक मोराच्या पाठीमागे लोंबणारी दोऱ्याची टोकं. ती एकेक सुईत ओवून विणीत लपवता लपवता माझी मान धरली. मग पेजेची खळ देऊन ताणून वाळवायचं, तर सात फुटांचा पाट कुणाच्या घरी असतो? तुझ्या भावोजींनी मागचं दार बिजागरीतून काढून दिलं. दोन दिवस शेजारच्या कोंबड्या थेट चुलीपर्यंत येत होत्या. मोरांच्या डोळ्यांसाठी तू दिलेले मणी इतक्या बारीक भोकांचे, की सुईच जाईना. शहापूरला जाऊन दुसरे आणले. शेवटी गोंडे. पुठ्ठ्यावर लोकरीचे वेढे घ्यायचे, मध्ये करकचून बांधायचं, कापायचं आणि गोल होईतो कातरत बसायचं. असे बावीस. त्यावर तुझा फोन काय, तर “गोंडे भारी करू नकोस, विणीवरची नजर उडते.” अरे, एवढी अक्कल आहे तर स्वतः बसून लाव की!

ही कुरकुर मी कधीच केली नसती. तुझी सोमी आजारी पडली तेव्हा तिचं पहिलं, अर्धवट विणलेलं तोरण घेऊनच ती दवाखान्यात गेली होती. तिच्या हाताला सलाईन, म्हणून ती पडल्या पडल्या सांगायची, दोन साखळ्या, तीन खांब, आणि कसाऱ्याला रुळांवर घण मारणारा तू क्रोशाची सुई मुठीत धरून विणायचास. चुकलास की ती हसायची. त्या वॉर्डात दुसरं कोण हसत होतं? ती गेली तेव्हा तोरण वीतभर राहिलं होतं. महिन्याभराने तू ते पुरं करून माझ्याकडे आणलंस. म्हणालास, “अक्का, याला गोंडे लावून दे. आणि कुणी विचारलं तर तूच विणलंस म्हण. बायको गेली नि बायकांचं काम घेऊन बसला, असं लोकांनी म्हणायला नको.” माझी शपथ घातलीस. मी हो म्हटलं. त्या दिवशी तुला नाही कोण म्हणालं असतं?

पण त्याला सहा वर्षं झाली, राघो! शेजारच्या काशीच्या नातीची कुंची, शाळेतल्या बाईंचा टेबलक्लॉथ, सगळं माझ्या नावावर. रस्त्यात बायका माझा हात धरून म्हणतात, “तुज्या हातात कला हाय गो अनिता.” मला एक खांब सरळ घालता येत नाही. गेल्या दिवाळीत समोरची कुणाली सुई घेऊन शिकायला आली, तेव्हा मनगट मुरगळलं म्हणून आठ दिवस पट्टी बांधून फिरले. त्या पट्टीत भांडी घासली मी.

आता गेल्या रविवारचं. आमच्या बचत गटाने शहापूरच्या प्रदर्शनात तुझं हे मोरांचं तोरण ठेवलं, आणि त्याला पहिला नंबर आला. मला स्टेजवर बोलावलं. परीक्षक बाई माईकवर म्हणाल्या, इतकी एकसारखी वीण मी कुठे पाहिली नाही. फक्त गोंडे जरा भारी झालेत, त्यांनी नजर अडते. समोर दोनशे माणसं. त्या अख्ख्या तोरणात माझं काय होतं, तर तेवढेच गोंडे!

माझं डोकं फिरलं. मी माईक घेतला आणि म्हटलं, “वीण माझी नाय. माझ्या भावाची हाय, राघोची.” काशी मोठ्यांदा म्हणाली, “रेल्वेतला राघो?” आणि लोक हसले. तुझ्यापासून लपवत नाही, हसले. मग मी सोमीचं सांगितलं, त्या वॉर्डातलं सगळं. नंतर कुणी हसलं नाही. काशीच पहिली उठून तोरणाजवळ गेली आणि किती वेळ बघत उभी राहिली.

शपथ मोडली मी. एसटी स्टँडवर कुणी टाळी देत तुला सांगण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे लिहिलं. रागाव. महिनाभर बोलू नकोस. पण सोमीने जाता जाता शिकवलेलं काम तू चोरीच्या मालासारखं माझ्या नावाखाली दडवतोस, ते मला आता बघवत नाही. गुरुवारी सकाळच्या गाडीने ये. कुणाली आणि आणखी सातजणी लोकर घेऊन तुझी वाट बघत पडवीत बसणार आहेत. प्रमाणपत्र छापलेलंच होतं, त्यावरचं ‘सौ. अनिता’ परीक्षक बाईंनी तिथल्या तिथे खोडून वर पेनाने ‘श्री. राघो’ लिहिलं. खाडाखोड आहे, पण नाव स्वच्छ वाचता येतं.

तुझीच,
वैतागलेली अक्का