बँकॉकच्या खानावळीतला कप

बँकॉक, मंगळवार, डिसेंबर १९६४

आज खेकडा खाल्ला! लय खाल्ला. हात दोनदा धुतले तरी बोटांना लसणाचा वास आहे, आणि मला तो जाऊ द्यायचा नाही.

बुद्धविहारांच्या या यात्रेला माझ्यासोबत साताऱ्याचे दगडूनाना आहेत, लष्करातून निवृत्त झालेले, इथली भाषा थोडीफार जाणणारे. नदीकाठची ही स्वस्त खानावळ त्यांनीच हुडकली. गर्दी एवढी, की एकाच बाकावर होडीवाले, हमाल, टाय लावलेले कारकून आणि आम्ही दोघं, मांडीला मांडी लावून. कोळंबीच्या आंबट-तिखट कालवणानं नाकाडोळ्यांतून पाणी काढलं. कुंडलच्या माणसाला तिखटानं हरवलं म्हणजे बघा!

चहा संपला आणि मी काय केलं? कप उचलला, मोरीकडे गेलो आणि विसळू लागलो. आता लिहितानाही कान तापतात. गावच्या हॉटेलात आमच्या वस्तीचा कप वेगळा, बाहेरच्या कोनाड्यात. ज्याचा त्यानं धुवायचा. धम्म घेऊन आठ वर्षं झाली, पण हाताला कुठं कळतंय?

मालकीण धावत आली. कप हिसकावून घेतला, तावातावानं काहीबाही बोलली. मी दोन पावलं मागं सरलो. इथंही?

नाना पोट धरून हसत होते. "आवं मास्तर, या हिकडं! तिला वाटलं, कप घान व्हता म्हनून तुमी धुताय."

तिनं तो स्वतः घासला आणि टोपलीतल्या कपांत उपडा टाकला. निघताना मी मुद्दाम वाकून पाहिलं. माझा कप कोणता, ते मला ओळखूच येईना.